बारकीच्या पट्टीत

१२ जानेवारी

बारके,

माझं अक्षर ओळखून तू पाकीट न उघडताच कपाटावर फेकशील, म्हणून पत्ता यांच्याकडून लिहून घेतला आहे. तुझ्या भाऊजींचं अक्षर म्हणजे कोंबडीचे पाय. तेव्हा पोस्टमननं फेकलं नसेल, तर तू हे आत्ता वाचते आहेस.

तुझ्या लेकीचा फोन आला होता. लग्न ठरल्याचं सांगताना पोरगी इतकी हसत होती की निम्मं मला कळलंच नाही. बावीस नोव्हेंबर एवढं कळलं. मग म्हणाली, "मावशी, आजोबांचं गोगलगायींचं गाणं तू आणि आई दोघींनी म्हणायचं. मला दुसरं काही नको." मी विचारलं, आई काय म्हणाली? तर विषयच बदलायला लागली. खोदून खोदून विचारलं तेव्हा तिनं तुझं उत्तर सांगितलं: "तिला म्हणावं, आधी माझ्या पट्टीत येऊन दाखव."

सहा वर्षांत तू माझ्यासाठी उच्चारलेलं हे पहिलं वाक्य. मी ते एका चिठ्ठीवर लिहून आमच्या लाँड्रीच्या दुकानात डाग काढायच्या टेबलासमोर चिकटवलं आहे. स्पिरिटची बाटली उचलली की आधी तेच दिसतं.

तुझं म्हणणं बिनतोड आहे, हे मला ठाऊक आहे. तू गातेस काळी चारमध्ये. माझा गळा पांढरी तीनच्या वर गेला की त्या तिसऱ्या ओळीत कापड फाटल्यासारखा फाटतो. हार्मोनियमवर मोजलं तर मध्ये चार पट्ट्यांचं अंतर. बाबांना घड्याळं दुरुस्त करता करता दुसरं काही सुचलं नसतं का? दोन गोगलगायी, एक शिडी, पहिल्या दोन ओळी जमिनीवर सरपटणाऱ्या, आणि तिसऱ्या ओळीत दोघींनी मिळून चढायचं. "चढ गं बाई, चढ गं बाई, एक पायरी उरली." आपण सात-आठ वर्षांच्या होतो तेव्हा ठीक होतं. आता मी छप्पन्नची आहे.

आणि तुझ्या शाळेतल्या त्या निरोप समारंभाचं म्हणशील, तर सूर जरा खाली लागला. होतं असं. पेटी नव्हती, अंदाजानं लावला. एवढ्यावरून माणूस सहा वर्षं बोलणं टाकतं का?

असो. मी येऊन दाखवणार आहे.

तुझी थोरली


३ मार्च

बारके,

उत्तर नाही. ठीक आहे. पत्र परतही आलेलं नाही, त्याअर्थी पोचलं.

मला गाणं शिकवणाऱ्या बाई मिळाल्या. मिळाल्या म्हणजे चालत दुकानातच आल्या. वय बहात्तर, कणा ताठ, आणि कोटाच्या खिशात पेन फुटलेलं. शाईचा डाग, तोही हिरव्या शाईचा, म्हणजे काढणाऱ्याची परीक्षाच. मी कोट पसरून खालून टीपकागद लावला आणि सवयीनं गुणगुणत कामाला लागले. बाई पावती घेऊन निघायच्या, तर तिथंच थांबल्या. म्हणाल्या, "वर जाताना मान कशाला ताणता?" मी म्हटलं, "वर जायचंय म्हणून." त्यावर म्हणाल्या, "मान उंच करून आवाज वर गेला असता, तर जिराफ गवई झाला असता."

मी तिथल्या तिथं ठरवलं की शिकायचं तर हिच्याकडेच.

पण बाई गाणं म्हणूच देत नाहीत. पहिला महिनाभर नुसतं भुर्रर्र. ओठ मिटून, लहान मूल खेळण्यातली गाडी चालवतं तसं, खालून वर आणि वरून खाली. दुसऱ्या महिन्यात पेल्यात पाणी घ्यायचं, त्यात नळी बुडवायची आणि बुडबुडे काढत सूर धरायचा. त्यानं म्हणे गळ्यावरचा ताण जातो. रोज वीस मिनिटं, खाडा नाही, आणि एकविसावं मिनिटही नाही. "गळ्याला धाक दाखवायचा नाही," बाई म्हणतात. "दुखलं की थांबायचं, ओढाताण झाली की थांबायचं. तो लाडानं येतो. दोन महिन्यांत एक पट्टी मिळाली तरी नशीब समजा." मी बोटांवर मोजलं. चार पट्ट्या, आठ महिने. नोव्हेंबरच्या आत बसतं.

आता जागेची अडचण अशी की घरी शेजारीण भिंतीवर थाप मारते. म्हणून रियाज दुकानाच्या मागच्या खोलीत, कपडे सुकवायच्या मशीनपाशी. हे पुढं काउंटरवर असतात. मागून भुर्रर्र आलं की गिऱ्हाईक विचारतं, "काही बिघडलंय का?" हे मान वर न करता सांगतात, "जुनी झालीय. चालायचंच." तीस वर्षांचा संसार केल्यावर नवऱ्याकडून हे ऐकायचं.

इस्त्रीवाला कडक आहे, तो तुझ्या वेळी नव्हता. पॅन्टची घडी आणि जिभेची धार दोन्ही तशाच, म्हणून हे नाव. तो म्हणाला, "वहिनी, बुडबुडे काढून झाले की सांगा, मी त्या पेल्यातच चहा घेतो." पण पेल्याला हात लावत नाही कधी. माझी वीस मिनिटं सुरू झाली की वाफेची इस्त्री बंद ठेवतो. विचारलं तर म्हणतो, माझे पाय दुखतात.

तुझी थोरली


१९ मे

बारके,

एक पट्टी मिळाली.

तुला यात काय वाटणार म्हणा. तू जन्मतःच वरच्या मजल्यावर राहतेस, तुला जिन्याची काय किंमत. पण मला विचार. गेल्या मंगळवारी एका पडद्यावरचा तेलाचा डाग घासत होते, मनात काही नव्हतं, आणि आवाज जिथं रोज अडतो तिथं अडलाच नाही. सरळ पुढं गेला. मी घाबरून गप्प बसले. चुकून दुसऱ्याच्या घरात शिरल्यासारखं झालं. परत करून पाहिलं, परत गेला. मग पडदा तसाच टाकून पुढं जाऊन यांना सांगितलं. हे म्हणाले, "छान. डाग निघाला का?"

मशीनचं तुला सांगायचं राहिलं. तिच्या मागं हवा ओढणारा मोठा पंखा आहे. तो दिवसभर एकाच सुरात घुमतो. मी त्यालाच सा धरून गाते, तंबोरा सांभाळायची कटकट नाही. बाईंनी पहिल्या दिवशीच कान लावून सांगितलं होतं, "ही काळी तीन आहे." म्हणजे माझ्या पांढरी तीनच्या दोन पट्ट्या वर आणि तुझ्या काळी चारच्या दोन पट्ट्या खाली. बरोब्बर अर्ध्या वाटेवर. बाई म्हणाल्या, मशीनच्या सुरात तिसरी ओळ आली की अर्धी लढाई जिंकलीत.

त्या दिवशीच्या समारंभाचा विषय निघालाच आहे (मीच काढला, तू कुठं काढतेस) तर सांगते. पेटी होती. पण वाजवणारा उशिरा आला. म्हणून म्हटलं बिनपेटीचं उरकून घेऊ. बाकी काही नाही.

तुझ्या लेकीनं परवा फोनवर विचारलं, "मावशी, किती पट्ट्या झाल्या?" म्हणजे माझी पत्रं घरात वाचली जातात. आनंद झाला मला.

तुझी थोरली


११ जुलै

बारके, ऐक.

आली. तिसरी ओळ मशीनच्या सुरात आली, भरदार आली, आणि लागोपाठ तीनदा आली. तिसऱ्या वेळी कडकनं इस्त्री खाली ठेवली आणि टाळ्या वाजवल्या. शर्टाची बाही करपली. गिऱ्हाइकाला नवी बाही शिवून द्यावी लागणार आहे, पण हे एका शब्दानं रागावले नाहीत. उलट म्हणाले, "परत म्हण, मी काउंटरवर होतो, मला नीट ऐकू आलं नाही."

परत म्हटली. हे मशीनला टेकून उभे होते. ऐकून झाल्यावर म्हणाले, "तुमच्या बाबांना आवडलं असतं." बारके, मी या माणसाला एवढी वर्षं ओळखते आणि तरी ओळखत नाही.

दोन पट्ट्या झाल्या, दोन राहिल्या. बाई डोळ्याच्या ऑपरेशनसाठी मुलाकडे गेल्या आहेत, सप्टेंबरात येतील. जाताना दम देऊन गेल्या आहेत: "माझ्या माघारी घाई करायची नाही, आणि खाडाही करायचा नाही." मी कशाला करते? मला रात्री झोपताना सकाळची वाट बघावी लागते. या वयात अशी गोष्ट मिळते का कुणाला, की जी काल नव्हती आणि आज आहे? गुडघा काल वाकत होता आणि आज वाकत नाही, असंच सगळं चाललेलं असतं. आणि इथं आपल्याच गळ्यात नवीन खोली सापडते.

तू एकदा ऐकायला हवं होतंस, एवढंच.

तुझी थोरली


८ ऑगस्ट

बारके,

मशीन बंद पडली होती. पंख्याची पुली तडकली. अकरा दिवस दुकानात ओल्या कपड्यांचा ढीग, सगळीकडे दोऱ्या, हे गिऱ्हाइकांच्या पाया पडायचे तेवढे बाकी. त्या गडबडीत रियाज झाला नाही. अकरा दिवस एकदाही नाही.

परवा मशीन सुरू झाली. कपडे पटापट सुकतात आता. कडक म्हणाला, "वहिनी, पंखा हल्ली जरा चिरका ओरडतो, नाही?" मी म्हटलं, "नवा भाग आहे, बसेल हळूहळू." मग रियाजाला उभी राहिले आणि तिसरी ओळ आली नाही.

नाहीच आली. जुलैत भरदार येत होती तिथं आता घसा नुसता खरवडतो. अकरा दिवसांत एवढं जातं? काय उपयोग मग या सगळ्याचा?

जास्त लिहवत नाही.

थोरली


९ सप्टेंबर

बारके,

महिना झाला. खाडा न करता वीस वीस मिनिटं केली. या आठवड्यात तिसरी ओळ कशीबशी लागते, पण दोऱ्याएवढी बारीक. म्हणजे सहा महिन्यांत कमावलं ते अकरा दिवसांत गेलं, आणि महिनाभर घासून त्याची चिंधी परत मिळाली. दोन पट्ट्या अजून लांबच. माझ्याच्यानं होणार नाही, हे आता मला कळलं आहे.

होणार नाही म्हटल्यावर एक बरं झालं. तुझ्याशी खोटं बोलायचं कारण उरलं नाही.

आधी लिहिलं पेटी नव्हती. मग लिहिलं वाजवणारा उशिरा आला. दोन्ही थापा. पेटी होती, आणि वाजवणारा आपल्या आधी येऊन बसला होता. मीच त्याला पडद्यामागं सांगितलं, "आम्ही तसंच म्हणतो, घरगुती गाणं आहे." कारण आदल्या दिवशी स्वयंपाकघरात मी तुझ्या पट्टीत म्हणून पाहिलं होतं आणि तिसऱ्या ओळीत आवाज फाटला होता. तू दुसऱ्या शाळेत मुख्याध्यापिका होऊन निघालेली, सभागृह तुझ्या माणसांनी भरलेलं, सगळे तुझ्याविषयी चांगलं चांगलं बोललेले, आणि शेवटी माझा आवाज फाटणार. मला ते सहन होईना. म्हणून मी मुद्दाम चार पट्ट्या खाली लावला. पहिली ओळ तुझी होती. ती आधीच खालची, आणि तेवढ्या खाली तुला आवाज नाही हे मला पक्कं ठाऊक होतं. लहानपणापासून ठाऊक होतं.

तुझा आवाज बुडाला. पहिल्या रांगेतल्या दोघी-तिघी हसल्या. तेवढ्यावर मी थांबायला हवं होतं. पण मी माइकवर म्हणाले, "आमच्या बारकीची बॅटरी उतरली वाटतं." सगळं सभागृह हसलं, आणि तूही हसलीस. ते तुझं हसणं मी विसरलेले नाही. आणि वर घरी येऊन मीच तुला विचारलं होतं, एवढं काय मनाला लावून घ्यायचं.

माझं चुकलं, बारके. नुसतं चुकलं नाही, मी तुझ्याशी वाईट वागले, जाणूनबुजून वागले. मला माफ कर.

लग्नाला मी येईन. मागच्या रांगेत बसेन. गाणं तू म्हण.

थोरली


१५ सप्टेंबर

बारके,

मागचं पत्र पोचलं असेल. त्यातलं सगळं खरं आहे, फक्त मागच्या रांगेचं रद्द.

काल बाई आल्या. डोळ्यांवर काळा चष्मा, पण कान शाबूत. मी रडगाणं लावलं, असं झालं, तसं झालं, अकरा दिवसांत गेलं सगळं. बाई खुर्चीत बसल्या आणि म्हणाल्या, "म्हणा." मी मशीनच्या सुरात म्हटलं. तिसऱ्या ओळीत आवाज बारीक झाला, पण पोचला. मी म्हटलं, "बघा. जुलैत काय होता आणि आता काय राहिलाय."

बाईंनी पर्समधून सूर लावायची छोटी शिटी काढली, फुंकली, पंख्याकडं कान केला, परत फुंकली. मग माझ्याकडं न बघता कडकला विचारलं, "या पंख्याला काय केलंत?"

कडक म्हणाला, "पुली बदलली. जुन्या मापाची मिळेना, म्हणून मेकॅनिकनं जरा लहान बसवली. पंखा जोरात फिरतो त्यामुळं. मी वहिनींना म्हटलंही होतं, चिरका ओरडतो म्हणून."

म्हटलं होतं. मीच तुला लिहिलं आहे, तारखेसकट.

बाई म्हणाल्या, "सूर दोन पट्ट्या वर गेलाय. ही आता काळी तीन नाही, काळी चार आहे. आणि तुम्ही महिनाभर काळी चारमध्ये गाताय."

बारके, तुझी पट्टी. मी महिनाभर तुझ्या पट्टीत उभी राहून आपण बुडालो म्हणून रडत होते. डागांच्या टेबलापाशी इतकी वर्षं काढली, लोकरीवरचा चहा आणि सुतावरचा चहा वासावरून ओळखते, आणि कानाखाली सूर बदललेला मला कळला नाही. मशीन बंद पडली नसती आणि मधले अकरा दिवस कान रिकामे राहिले नसते, तर कळला असता, असं बाई म्हणाल्या. माझी समजूत घालायला म्हणाल्या असतील. मी मशीनवर डोकं टेकून हसत सुटले, आणि मग हसता हसता रडू आलं. कडकनं इस्त्रीचा रुमाल आणून दिला आणि म्हणाला, "भिजवून परत द्या, गिऱ्हाइकाचा आहे."

बाईंनी मात्र एवढंच म्हटलं, "दोऱ्याएवढा आहे ना? मग आता दोर करायचा. दोन महिने आहेत." आणि लगेच पाण्याचा पेला भरायला सांगितला.

हे पुढं जाऊन प्रत्येक गिऱ्हाइकाला सांगताहेत की आमच्या मशीनची पट्टी काळी चार आहे. एका गिऱ्हाइकानं विचारलं, ती किती किलोची असते?

तू गायला देशील का मला?

तुझी थोरली


२ ऑक्टोबर

ताई,

तुझी सातही पत्रं मिळाली. भाऊजींचं अक्षर पोस्टमनला वाचता येत नाही म्हणून तो दर वेळी घंटी वाजवून मलाच विचारतो, हे तुमचंच ना.

पेटीचं मला पहिल्यापासून ठाऊक होतं. वाजवायला बसला होता तो आमचा गणिताचा शिक्षक. कार्यक्रम संपल्यावर त्यानंच विचारलं, "बाई, तुमच्या ताईंनी मला का थांबवलं?" म्हणजे त्याच संध्याकाळी मला सगळं कळलं होतं. मी सहा वर्षं तुझ्या गाण्याची वाट पाहत नव्हते. तू खरं कधी सांगतेस याची पाहत होते. जानेवारीत तू लिहिलंस पेटी नव्हती, तेव्हा पत्र फाडायलाच घेतलं होतं. मे महिन्यात पेटी उगवली. तेव्हा म्हटलं, येतेय. दोन महिन्यांत एक पट्टी या हिशेबानं, पण येतेय.

नऊ सप्टेंबरचं पत्र मी तीनदा वाचलं. राग गेला असं म्हणणार नाही. सकाळी चहा करताना नेहमीच्या जागी हात घातला तर राग तिथं नव्हता, एवढं खरं.

आता माझं ऐक, आणि हे लेकीला सांगायचं नाही. त्या दिवसानंतर मी गायलेली नाही. शाळेत प्रार्थनेलाही नुसते ओठ हलवते. "माझ्या पट्टीत येऊन दाखव" हे मी तोऱ्यात बोलले. तुझं जुलैचं पत्र आलं तेव्हा दार लावून म्हणून पाहिलं. काळी चार सोडच, पांढरी चारलाही तिसरी ओळ फाटली. नंतर आणखी तीनदा पाहिलं. तेच.

तेव्हा तू माझ्या पट्टीत पोचलीस, आणि तिथं मीच नाही. लग्नाच्या दिवशी सगळ्यांसमोर काय होईल याची मला भीती वाटते, ताई. तुला पांढरी तीन लावायची असेल तर लाव. पहिली ओळ मी पुटपुटेन. फक्त या वेळी मला विचारून लाव.

बारकी


५ ऑक्टोबर

बारके,

तू विचारून लाव म्हणालीस, म्हणून विचारते. काळी चार लावू का?

पांढरी तीन लावणार नाही. एकदा लावली तेवढी पुरे झाली. सात आठवडे आहेत. मला जिना बांधावा लागला, तुझा आहे, फक्त सहा वर्षांची धूळ आहे त्यावर. बाईंना तुझं सांगितलं (लेकीला नको म्हणालीस, बाईंना नको म्हणाली नव्हतीस). त्या म्हणाल्या, "गेलेला आवाज परत येतो, फक्त त्याला बोलावणं रोज पाठवावं लागतं."

उद्यापासून रोज सकाळी सव्वासातला माझा फोन येईल. फोनवर एकदम गाता येत नाही, एकीचा आवाज मागं पडतो. म्हणून आळीपाळीनं. आधी मी भुर्रर्र करीन, मग तू. शाळेला उशीर होतो वगैरे सबबी चालणार नाहीत. मुख्याध्यापिकेला कोण विचारतंय? वीस मिनिटं, एकविसावं नाही. दुखलं की सांगायचं, सोसायचं नाही. तुला सोसायची सवय आहे आणि ती मीच लावली आहे, हे मला कळतं.

पाण्याचा पेला आणि नळी तयार ठेव.

तुझी थोरली


२५ नोव्हेंबर

बारके,

सकाळी निघाले तेव्हा तू झोपली होतीस. उठवलं नाही. लग्नघर आवरून तुझी कंबर गेली असणार. आत्ता दुकानात पोचले, पिशवी अजून खांद्यावरच आहे, आणि तुला लिहायला बसले. कारण काल दिवसभर तू भांडी पुसता पुसता एकच धोशा लावला होतास: "तिसऱ्या ओळीत मी सोडलं. सगळ्यांसमोर सोडलं." मी म्हटलं, काही नाही गं, तर तुला वाटलं मी समजूत घालते आहे. तुला ते कसं ऐकू आलं मला माहीत नाही. माझ्या बाजूनं कसं होतं ते सांगते.

तू पेटीपाशी जाऊन स्वतःच्या बोटानं काळी चार दाबून वाजवणाऱ्याला दाखवलीस. माझ्याकडं बघत दाखवलीस. तेव्हाच माझं निम्मं गाणं झालं होतं. पहिली ओळ तू घेतलीस आणि ती बसली, जमिनीवर पाय ठेवावा तशी. गोगलगायी म्हटल्यावर लोक हसले. हसायचंच गाणं आहे ते. तुझा जावई तर खुर्चीवरून पडायचा राहिला. मग "चढ गं बाई" आलं, आणि आपण दोघी निघालो. आणि "एक पायरी"वर तुझा आवाज गेला.

मी बाजूला बघितलं. तू ओठ घट्ट मिटले होतेस. मला सहा वर्षांपूर्वीची तीच भीती वाटली, अगदी तशीच. फक्त या वेळी ती माझ्यासाठी नव्हती. मी खाली येऊ शकले असते. हसून ओळ संपवू शकले असते, कुणाला कळलंही नसतं. पण मी वरच राहिले. असं काही ठरलं नव्हतं, बाबांनी रचलंही नव्हतं. मी तोच सूर धरून ठेवला. वाजवणारा शहाणा, त्यानंही बोट उचललं नाही. तुझी लेक हसायची थांबली आणि तिनं नवऱ्याचा हात धरला.

तू श्वास घेतलास. तो मला ऐकू आला, बारके. मग खालून तुझा आवाज आला, कापत, एक पायरी, मग थांबून दुसरी. लोकांना वाटलं गाणं असंच आहे, एक गोगलगाय मागं राहते आणि दुसरी तिच्यासाठी थांबते. तुझ्या विहीणबाई मला नंतर म्हणाल्या, तुमच्या वडिलांनी फार छान रचलंय. मी त्यांना काही सांगितलं नाही.

बाई घड्याळ लावून श्वास मोजतात, त्या हिशेबानं माझा श्वास केव्हाच संपायला हवा होता. मला डोळ्यांपुढं काजवे दिसत होते. पण तू येत होतीस, म्हणून मी उतरले नाही.

तुझी थोरली